मोजणाऱ्यांत आपल्या मुली हव्यात



आमच्या गेल्या बैठकीला एक मैत्रीण आपल्या लेकीला घेऊन आली. पोरगी नुकतीच दहावी झालेली. म्हणाली, "मावशी, मला अर्थशास्त्र शिकायचंय. पण हे लोक नक्की करतात काय?" मी उत्तर द्यायच्या आधी सहज तिच्या आईला विचारलं, "तू काय करतेस गं?" ती म्हणाली, "काही नाही, घरीच असते." पहाटे पाचला उठून चारा-सरपण आणणारी, सहा माणसांचं रांधणारी ही बाई!

मी पोरीला म्हटलं, अर्थतज्ज्ञ काय करतात ते बघ. 'काम' कशाला म्हणायचं, हे ते ठरवतात. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत फक्त घरकाम करणारीला ९२ हा क्रमांक मिळतो. घरकामासोबत सरपण, चारा गोळा करणारीला ९३. दोघीही श्रमशक्तीच्या बाहेर! अशा व्याख्यांवरून आकडे निघतात आणि आकड्यांवरून योजना.

पण व्याख्या माणसांनीच केलेल्या असतात, त्या बदलताही येतात. देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात राजस्थान व पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत बायकांच्या दिवसाचा हिशेब मांडला. स्त्रियांच्या आणि अभ्यासकांच्या रेट्यामुळे १९९१च्या जनगणनेत शेतावरच्या बिनमोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच आला. १९९८-९९ साली सहा राज्यांत आणि २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. २०२४च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८, असं दिसलं. आपण मोर्च्यांत ओरडून सांगत होतो तेच, पण आता ते सरकारी कागदावर आहे.

म्हणून मी तिला सांगितलं, अकरावीला गणित सोडू नकोस. मुलींना गणित जमत नाही, हे ऐकूच नकोस. पुढे संख्याशास्त्र शीक. बी.ए.वर थांबू नकोस. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय अर्थ सेवेच्या परीक्षेलाही पदव्युत्तर पदवी लागते. विद्यापीठांत, संशोधन संस्थांत, रिझर्व्ह बँकेत, सरकारी खात्यांत अर्थतज्ज्ञ लागतात. आणि पाहणीला गेलीस, तर घरातल्या पुरुषाला विचारून बाईचा रकाना भरू नकोस. तो म्हणेल, "ती काही करत नाही."

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन वर्षांत हिचं लग्न उरकायचं म्हणतात घरचे." बैठकीत शांतता पसरली. खरा प्रश्न हा आहे. पोरीची हुशारी कमी पडत नाही, तिला मिळणारी वर्षं कमी पडतात.

ती वर्षं मिळवून देणं हे आपल्या गटांचं काम आहे. घरच्यांशी बोलायला आम्ही चौघी जाणार आहोत. तुमच्या गावातही अशी एखादी मुलगी असेल. तिच्या घरी तुम्ही कधी जाताय? काय घडलं ते जरूर लिहून कळवा.