खेळांच्या बखरी

"व्हिडिओ गेमचं पुस्तक? आणि तेही एवढ्या किमतीचं?" हा प्रश्न आमच्या नातेवाइकांत हल्ली दर वाढदिवसाला ऐकू येतो. नातवंडं मोठी झाली, बॅट आणि रंगपेटी मागे पडली, आणि आता मागणी येते ती या जाडजूड, गुळगुळीत कागदाच्या, चित्रांनी भरलेल्या पुस्तकांची. मी त्यातली काही वाचली आहेत. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण निवृत्त माणसाकडे वेळाशिवाय दुसरं काय असतं! तेव्हा माझं मत सांगून टाकते. घ्यावीत. पण सगळी सारखी नाहीत, आणि जी 'हाच अधिकृत इतिहास' म्हणून दिमाखात विकली जातात, तीच मला सगळ्यात कमी आवडली.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. याला म्हणतात 'लोअर बुक'. लोअर म्हटलं की आपल्याला रेल्वेतला लोअर बर्थ आठवतो, पण हा लोअर 'फोकलोअर'मधला. एखाद्या जगात तोंडोतोंडी चालत आलेली माहिती, दंतकथा, वंशावळी, देवांच्या भानगडी, हे सगळं त्यात आलं. या खेळांतलं जग संपूर्ण कल्पनेतलं असतं. त्यात राज्यं असतात, जमाती असतात, धर्म असतात, हजारो वर्षांचा इतिहास असतो. पण खेळणाऱ्याला तो सलग कोणी सांगत नाही. पडक्या देवळातला एखादा लेख, मेलेल्या सैनिकाजवळची चिठ्ठी, तलवारीच्या चित्राखाली दोन ओळी, असा तुकड्यातुकड्यांनी तो हाती लागतो. मुलं ते तुकडे जुळवत बसतात, त्यावरून भांडतात. पुस्तकात मग सगळं एकत्र येतं, नकाशे, वंशवृक्ष आणि चित्रांसकट.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळमालिकेचं. पहिला खेळ १९८६ सालचा. पुढे एकामागून एक खेळ येत गेले. बहुतेकांत हिरवा अंगरखा घातलेला लिंक नावाचा मुलगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि हायरूल नावाचं राज्य. पण हा लिंक आधीच्याच खेळातला, की शंभर वर्षांनंतरचा दुसराच कोणी? कोणता खेळ आधी आणि कोणता नंतर? यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं वाद घातले. मालिकेला पंचवीस वर्षं झाली त्या साली, डिसेंबर २०११ मध्ये, जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हे पुस्तक निघालं. इंग्रजी आवृत्ती जानेवारी २०१३ मध्ये डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनाने काढली. त्यात सगळ्या खेळांचा कालक्रम एका तक्त्यात मांडला होता. आणि गंमत म्हणजे ती सरळ रेघ नव्हतीच! १९९८ सालच्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या खेळाशी इतिहासाला तीन फाटे फुटतात. नायक जिंकून आपल्या बालपणात परततो तो एक, तो निघून गेल्यावर मागे उरलेल्या भविष्याचा दुसरा, आणि नायक हरतो तो तिसरा. हा हरण्याचा फाटा पाहून भलेभले चाहते चक्रावले. खेळात हरलं की आपण पुन्हा सुरुवात करतो. त्या हरण्याचाही पुढे इतिहास घडला असेल, ही कल्पना मला फार आवडली.

आणि एक गोष्ट त्याहून आवडली. तक्त्याच्या जोडीने तिथे एक छोटीशी टीप आहे. आज जे खरं मानलं जातं तेवढंच इथे गोळा केलं आहे, बरंच काही अजून झाकलेलं आहे, सांगणाऱ्यागणिक इतिहास बदलतो, अशा आशयाची. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण आमच्या पाठ्यपुस्तकांत अशी टीप मला कधी दिसली नाही. पुढे याच मालिकेचा 'एन्सायक्लोपीडिया' इंग्रजीत २०१८ मध्ये आला, त्यात एक-दोन खेळांचा क्रम बदललेला होता. २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा मोठा खेळ तर त्यांनी सगळ्यांच्या शेवटी ठेवला, आणि तो तीनपैकी कोणत्या फाट्यावरचा हे सांगितलंच नाही. मुलं पुन्हा वाद घालायला मोकळी.

आता दुसरं टोक. 'वॉरक्राफ्ट' ही ब्लिझार्ड कंपनीची खेळमालिका १९९४ पासूनची. त्यातला इंटरनेटवर हजारोंनी मिळून खेळायचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला. खेळ, कादंबऱ्या, चित्रकथा असं साहित्य साचत गेलं आणि साहजिकच त्यात विसंगती शिरल्या. मग कंपनीने साफसफाई करायला घेतली आणि २०१६, २०१७ आणि २०१८ अशा तीन वर्षांत 'क्रॉनिकल'चे तीन खंड काढले. पहिल्या खंडाची सुरुवात थेट विश्वाच्या उत्पत्तीपासून होते. आधी प्रकाश, मग पोकळी, मग ग्रह घडवणारे टायटन नावाचे महाकाय. पीटर ली या चित्रकाराची पानभर चित्रं अशी आहेत की दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठांना हेवा वाटावा. भाषा कशी? वरून पाहणाऱ्या देवासारखी. 'असं घडलं. मग असं झालं.' कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, काही नाही. चाहत्यांनी ते शेवटचा शब्द म्हणून स्वीकारलं, आणि का स्वीकारू नये? ते त्याच थाटात विकलं गेलं होतं.

पुढे खेळाची कथा या खंडांत न बसणाऱ्या वाटेने गेली. तेव्हा कंपनीतल्या लोकांनीच खुलासा केला, की हा इतिहास टायटनांच्या दृष्टिकोनातून लिहिलेला आहे, म्हणजे तो सगळाच खरा असायला हवा असं नाही! चाहते चिडले. 'एवढं काय चिडायचं, गोष्टच तर आहे,' असं काही वडीलधारी मंडळी म्हणतील. मला मात्र चिडणं रास्त वाटतं. दृष्टिकोन असायला कोणाचीच हरकत नाही, पण तो पहिल्या पानावर सांगायचा असतो. तीन खंड विकून झाल्यावर 'निवेदक पक्षपाती होता' म्हणायचं, ही लबाडी झाली. वर्गात कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

म्हणूनच मला सगळ्यात प्रिय आहे ती एक साधीशी पुस्तिका. बेथेस्डा कंपनीच्या 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला 'रेडगार्ड' नावाचा खेळ १९९८ मध्ये आला. त्याच्या खोक्यात ही पुस्तिका ठेवलेली होती, 'पॉकेट गाइड टू द एम्पायर'. टॅम्रिएल नावाच्या खंडातल्या प्रांतांची माहिती, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गॅझेटियरसारखा मामला. लिहिणारे सम्राटाच्या पदरचे. त्यामुळे सम्राट थोर, जिंकलेले प्रांत सुखी आणि न जिंकलेले रानटी! पण खरी मजा समासात आहे. शत्रुपक्षातल्या एका एल्फच्या हाती ही प्रत लागली आहे असं कल्पून, त्याच्या हस्ताक्षरातले शेरे कडेला छापले आहेत. मजकुरात काहीतरी ठणकावून सांगितलेलं असतं आणि बाजूला एल्फ ते खोडून काढत असतो, नाहीतर कुत्सित हसत असतो. त्या बिचाऱ्याचाही स्वतःचा पक्ष आहेच, त्यालाही आपली जमात सगळ्यात शहाणी वाटते. खरं काय ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

नातवाने मला याचा छापील कागदांचा गठ्ठा काढून दिला, तो मी दोनदा वाचला. सभासदाची बखर शिकवताना मी मुलांना सांगत असे, की ही राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली आहे हे लक्षात ठेवून वाचा. पोरं मान डोलवायची आणि विसरायची. इथे एका खेळाच्या खोक्यातली पुस्तिका तेच काम एकही उपदेश न करता करते.

याच मालिकेतले खेळ आतल्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहेत. खेळता खेळता कपाटातलं पुस्तक उघडून वाचता येतं आणि अशी शेकड्यांनी पुस्तकं आहेत. बारेन्झिया नावाच्या राणीचं एक अधिकृत चरित्र आहे, अगदी सोज्वळ. आणि दुसरं आहे 'खरी बारेन्झिया', त्यात पहिल्याने गाळलेलं सगळं! 'खरी' असं नावातच लिहिलंय म्हणून तेही सगळं खरं असेल असं समजू नये. 'स्कायरिम' हा त्यातला गाजलेला खेळ २०११ चा, आणि त्यातली पुस्तकं पुढे 'द स्कायरिम लायब्ररी' या नावाने तीन खंडांत कागदावर छापली गेली, चित्रांसह. पडद्यातलं पुस्तक पडद्याबाहेर आलं, याचं मला फार नवल वाटतं.

'डायब्लो' या खेळाचं 'बुक ऑफ केन' (२०११) हेही याच जातीचं. डेकार्ड केन नावाचा म्हातारा पंडित आपल्या मानलेल्या पुतणीसाठी, लीयासाठी, आयुष्यभर गोळा केलेलं ज्ञान लिहून ठेवतो आहे, असा त्याचा बाज. पुढच्या वर्षी आलेल्या खेळात हा केन मरतो. ते कळल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं तर तीच पानं जड वाटतात.

हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे, असा आक्षेप राहतोच. आहेच. खेळ विकून झाला की त्याचं पुस्तक विकायचं. मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. महाभारत कोणाच्या मालकीचं नाही, म्हणून इरावतीबाई कर्व्यांना 'युगान्त' लिहिता आलं. भीष्माला जाब विचारताना कोणाची परवानगी लागली नाही. हायरूल किंवा ॲझेरॉथचं तसं नाही. तिथे कोण नायक, कोण खलनायक, काल छापलेलं आज खरं की खोटं, हे एक कंपनी ठरवते. मुलांनी त्या जगात शेकडो तास काढलेले असतात, त्यावर चित्रं काढलेली असतात, गोष्टी लिहिलेल्या असतात, पण शेवटचा शब्द त्यांचा नाही. म्हणून तर पुस्तकात वाद घालायला जागा ठेवलेली आहे की नाही, हे मी आधी बघते. ज्यात ती आहे ते मुलाला काहीतरी देऊन जातं. ज्यात नाही ते पाठ करायला लावतं, आणि त्यासाठी शाळा आहेच की.

मुलं वाचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी तरी नाकं मुरडू नयेत. पाठ्यपुस्तकातला होयसळ आणि यादवांचा वंशक्रम लक्षात न राहणारा मुलगा हायरूलच्या तीन फाट्यांवर अर्धा तास बोलतो, आणि 'अमक्या पुस्तकात वेगळं लिहिलंय' हेही न विचारता सांगतो. एवढं आमच्या पदवीच्या वर्गातही फार थोड्यांना जमायचं.

आता घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी दोन सूचना. आधी मुलाला विचारा, तो खेळ त्याने पुरा केला आहे का? ही पुस्तकं शेवट बिनदिक्कत सांगून टाकतात. खेळ न खेळता नुसतं वाचायचं असेल तर स्कायरिमचे खंड बरे, आणि तीन एकदम घेऊ नका, ते वजनाला भारी आहेत. 'हायरूल हिस्टोरिया' घेतलंत तर मागच्या बाजूला एक जपानी चित्रकथा आहे, आकिरा हिमेकावा या टोपणनावाने काम करणाऱ्या दोघींनी काढलेली. ती शेवटच्या पानाकडून सुरू होते आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असते. बांधणी उलटी झाली म्हणून दुकानात परत नेऊ नका.