भूमी की केवळ भूखंड?

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ झाला आणि २०२२ मध्ये लगतच्या गोव्यात मोपाचा. दळणवळण वाढले, तसा ‘समुद्रालगत गुंतवणुकी’चा मोहही मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत शिरला. कष्टाची पुंजी जमिनीत घालण्यात गैर काही नाही. गैर आहे ते डोळे मिटून घालण्यात.

शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेण्यास कूळकायद्याच्या कलम ६३ ची सामान्यतः आडकाठी आहे. २०१९ च्या सागरी नियमन अधिसूचनेने विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरविला आहे. म्हणजे दलाल ज्या ‘लाटांच्या गाजेचे’ दाम मागतो, तेथे बहुधा घरच बांधता येत नाही! त्यातच कोकणातील सातबारा म्हणजे हिस्सेदारांची लांबलचक मालिका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा समान हक्क मान्य झाला आहे. एका भावाची सही घेऊन झालेला व्यवहार उद्या बहिणीच्या दाव्याने न्यायालयात अडकतो.

परंतु प्रश्न केवळ खरेदीदाराच्या पैशाचा नाही. मुंबईत स्थिरावलेले भाऊ गावची बाग विकून मोकळे होतात. गावात राहिलेल्याच्या हाती चार वर्षांत संपणारी रक्कम उरते आणि पूर्वजांनी लावलेल्या कलमांची राखण तो परक्याचा पगारी रखवालदार म्हणून करू लागतो. कुंपण पडते, तेव्हा विहिरीकडची पाणंद, रापणीची जागा आणि ग्रामदेवतेच्या पालखीची वाटही आकसते. कडीकुलपातील बंगला गावाला शेजार देत नाही, शाळेला मूल देत नाही.

यावर उपाय पर्यटनविरोधाचा नव्हे, स्वामित्वरक्षणाचा आहे. जमीन न विकता, कायद्याने लागणारी परवानगी घेऊन, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येते. राहत्या घरी निवास-न्याहारीची सोय करून पाहुण्याचा पैसा घरातच ठेवता येतो. शहरातील बांधवांनी भूखंडाऐवजी अशा उद्योगांत भांडवल घालावे. कार्यकर्त्यांनीही गावोगावी सातबारा वाचण्याचे आणि वारसनोंदी पूर्ण करण्याचे काम हाती घ्यावे. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिचा सौदा करण्यापूर्वी तिच्या लेकरांचा विचार करावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.