हिरवळ कोणाची, पाणी कोणाचे?

वैशाखाचा वणवा पेटला, धरणांतील साठा तळाला गेला आणि नळाची धार करंगळीएवढी झाली, की आमच्या शहरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : माणसांना प्यावयास पाणी नाही, मग गोल्फच्या मैदानांवरील हिरवळ एवढी टवटवीत कशी? प्रश्न रास्त आहे. परंतु तो दरवर्षी उन्हाळ्यात विचारला जातो आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून जातो. या प्रश्नाचा निकाल एकदा थंड डोक्याने लावला पाहिजे, असे आम्हास वाटते. तो लावताना दोन टोकांची मते आधी दूर सारावी लागतील. गोल्फ हा मूठभर श्रीमंतांचा चोचला आहे, सबब त्यावर नांगर फिरवावा, असे एक पक्ष म्हणतो. गोल्फमुळे परकीय पाहुणे येतात, जमिनीचे भाव वधारतात, सबब त्याकडे बोट दाखवू नये, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्याला खेळ दिसत नाही आणि दुसऱ्याला खेळाखेरीज सर्व काही दिसते. मैदान कोणाच्या जमिनीवर आहे, ते कोणाचे पाणी पिते आणि त्यावर पाऊल टाकण्याचा अधिकार कोणास आहे, हा खरा प्रश्न दोघेही टाळतात.

गोल्फ जन्मतःच श्रीमंतांचा खेळ होता, ही समजूत मुळातच खोटी आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज हे या खेळाचे आद्यपीठ. तेथील समुद्रकाठच्या पडीक, वाळवट जमिनीवर गुरे चारण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी सनदेने मान्य केला. पुढे १७९७ च्या सुमारास नगरपालिका कर्जात बुडाली आणि ती जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. तेव्हा नागरिक आपल्या हक्कासाठी वर्षानुवर्षे भांडले. १८९४ साली नगराने ती जमीन पुन्हा आपल्याकडे घेतली आणि १९७४ साली पार्लमेंटच्या कायद्यान्वये तिचा कारभार एका सार्वजनिक न्यासाकडे सोपविण्यात आला. आज जगभरचे धनाढ्य त्या मैदानावर एकदा खेळावयास मिळावे म्हणून भारी शुल्क मोजतात, आणि त्याच मैदानावर गावचा रहिवासी अल्प वार्षिक वर्गणीत खेळतो. जुन्या मैदानावर, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर, रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी ती जमीन फिरावयास येणाऱ्या आबालवृद्धांची असते. जगातील सर्वांत प्रतिष्ठित मैदान आठवड्यातून एक दिवस गावाचे उद्यान होते. यात मैदानाची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही!

आमच्याकडे हा खेळ आला तो मात्र राज्यकर्त्यांच्या बंगल्यांतून. कलकत्त्याचा रॉयल गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरील तो सर्वांत जुना क्लब. मुंबईत चेंबूर येथील प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली निघाला. छावण्या, रेल्वेच्या वसाहती, चहाचे मळे, जेथे जेथे साहेब गेला तेथे तेथे खेळ गेला. साहेब १९४७ साली गेला, परंतु त्याने आखलेले कुंपण मात्र राहिले. फरक इतकाच, की पूर्वी कुंपणाच्या आत जाण्यास कातडीचा रंग पाहिला जाई, आता पाहिली जाते ती खिशाची खोली आणि प्रतीक्षायादीतील वर्षांची संख्या.

या कुंपणाआडून जे थोडे लोक केवळ गुणांच्या बळावर आत शिरले, त्यांचा इतिहास डोळे उघडणारा आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे मूळचे दिल्लीतील कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारे. शिवशंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर गवताची निगा राखीत. मुलाने २००८ साली इंडियन मास्टर्स आणि पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, चौथी आली. तिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. तेथे तिची पिशवी तिच्या आईने वाहिली होती. त्या शनिवारी पहाटे ज्यांना गोल्फमधील ओ की ठो कळत नाही, असे लक्षावधी भारतीय दूरचित्रवाणीपुढे श्वास रोखून बसले होते. तेव्हा या खेळाची आवड जनतेला नाही, असे कोणी म्हणू नये. जनतेला आवड आहे, जागा नाही. मैदानावर काम करणाऱ्याच्या मुलाला खेळ चोरून शिकावा लागत असेल, तर असे किती चौरसिया कुंपणाबाहेरच राहिले, याचा हिशेब कोणी द्यावयाचा?

आता जमिनीकडे वळू. अठरा होलच्या एका मैदानास सामान्यतः शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. आमच्या मोठ्या शहरांत एवढी जमीन बाजारभावाने विकत घेऊन कोणी खेळ चालवू शकणार नाही. म्हणूनच जुनी मैदाने बव्हंशी सरकारी भाडेपट्ट्यावर किंवा लष्करी जमिनीवर उभी आहेत. राजधानीतील प्रसिद्ध दिल्ली गोल्फ क्लबची जमीन केंद्र सरकारच्या पट्ट्याची आहे. लष्करी जमिनीवरील ९७ मैदानांनी ८,०७६ एकर क्षेत्र व्यापले असून त्यांचा कारभार एक खाजगी नोंदणीकृत संस्था पाहते, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी संरक्षण खात्याच्या जमिनीविषयीच्या अहवालात ठेवला. हा अहवाल २०११ साली संसदेपुढे आला. याचा अर्थ उघड आहे. गोल्फ महाग आहे तो खेळणाऱ्यापुरता. जमिनीच्या बाबतीत तो स्वस्तच आहे, आणि ती स्वस्ताई सार्वजनिक तिजोरीने पुरविली आहे. ज्या खेळास जनता जमीन देते, त्या खेळाचे दार जनतेस बंद असावे, हा कोठला न्याय?

पाण्याचा हिशेब तर कोणासही करता येईल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. दख्खनच्या उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. म्हणजे वीस हेक्टर गवत हिरवे ठेवावयाचे तर दररोज दहा लाख लिटर पाणी हवे. शहरातील माणसास दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर हे पाणी सात हजारांहून अधिक नागरिकांचे झाले. ग्रामीण भागासाठी ठरविलेल्या ५५ लिटरच्या प्रमाणाने ते अठरा हजार माणसांचे होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे पुढील सामने राज्याबाहेर हलविण्यात आले. क्रिकेटच्या खेळपट्टीस जो प्रश्न विचारला गेला, तो गोल्फच्या हिरवळीस विचारावयाचा नाही काय? फ्रान्समध्ये २०२२ च्या दुष्काळात नागरिकांवर पाण्याचे निर्बंध असताना गोल्फच्या ग्रीनला सवलत मिळाली, तेव्हा तुलूझच्या परिसरातील मैदानांच्या होलांत संतप्त आंदोलकांनी सिमेंट ओतले. हा मार्ग आम्हास मान्य नाही. परंतु संताप कोठून आला, हे न समजण्याइतके कोणी भोळे नसावे.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खेळ स्वस्त करणे आणि पाणी व माती जपणे ही दोन निराळी कामे समजली जातात. आमच्या मते ते एकच काम आहे. मैदान चालविण्याचा खर्च वाढतो तो कशाने? कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत गालिच्यासारखी हिरवळ हवी, या अट्टाहासाने. पाणी, पंपाची वीज, खते, कीटकनाशके, कापणीची यंत्रे, सारा खर्च गवताच्या क्षेत्राबरोबर वाढतो. चेंडू जेथे क्वचितच जातो तेथील हिरवळ मोडून स्थानिक गवत आणि झाडे वाढू दिली, तर पाण्याची बचत होते, पाखरांना आसरा मिळतो आणि वर्गणीही उतरते. सेंट अँड्रूजच्या वाळवंटी गवतावर खेळ वाढला तो पावसाच्या पाण्यावर. पाचूसारखी एकसारखी हिरवळ ही खेळाची गरज नव्हे, ती दूरचित्रवाणीने लावलेली खोड आहे. आमच्या छावण्यांतून आणि रेल्वेच्या वसाहतींतून एके काळी ‘ग्रीन’च्या जागी वाळूचे ‘ब्राऊन’ असत. त्यांवर खेळून उत्तम खेळाडू तयार झाले. वाळू बसविण्यासाठी तेल ओतण्याची जुनी पद्धत मातीस घातक होती, ती अर्थात टाकली पाहिजे. परंतु कोरड्या देशात कोरड्या देशासारखे खेळावे, हे त्यामागील शहाणपण टाकण्याचे कारण नाही.

दुसरा उपाय आकाराचा. अठरा ही संख्या काही वेदवाक्य नव्हे. सेंट अँड्रूजलाच १७६४ पर्यंत एका फेरीत बावीस होल खेळले जात. ते अठरा झाले ते स्थानिक सोयीने. नऊ होलचे मैदान निम्म्या जमिनीत होते, निम्म्या पाण्यात जगते आणि नोकरदार माणसास दोन तासांत खेळून कामावर जाता येते. शिकाऊ मुलांसाठी तर चार-सहा एकरांत आखूड फटक्यांचे मैदान पुरे.

हे सारे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिका हा भांडवलशाहीचा बालेकिल्ला. तेथेही न्यूयॉर्क शहरात व्हॅन कोर्टलंड उद्यानात १८९५ साली सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झाले. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज येथील मैदानावर २००२ साली यू. एस. ओपन स्पर्धा झाली, आणि तेथे आजही सामान्य माणूस शुल्क भरून खेळतो. आपल्याकडे दिल्ली विकास प्राधिकरणाने कुतुबजवळ लाडो सराय येथे सर्वांस खुले मैदान २००० साली काढले. नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या खोऱ्यात मैदान उभारले. वाट मळलेली आहे, चालणारे कमी आहेत.

आणि जे चालणार नाहीत त्यांच्यासाठी इशारेही पुष्कळ आहेत. हाँगकाँग सरकारने फानलिंगच्या मैदानातील ३२ हेक्टर जमीन २०२३ साली परत घेतली. त्याच वर्षी सिडनीतील मूर पार्कचे अठरा होल नऊवर आणून उरलेल्या जागी उद्यान करण्याचा निर्णय तेथील राज्य सरकारने जाहीर केला. चीनने २०१७ साली १११ मैदाने बंद केल्याचे घोषित केले. जमिनीची भूक लागलेली शहरे फार काळ कुंपणाचा मान राखीत नाहीत. या जमिनी उद्याने म्हणून जनतेकडे आल्या तर आम्हास दुःख नाही. परंतु त्या टोलेजंग इमारतींच्या घशात गेल्या, तर खेळही गेला आणि मोकळी जमीनही गेली, अशी गत होईल. आज मैदानांची दारे उघडणे हे म्हणूनच क्लबांच्याही हिताचे आहे. ज्या मैदानावर गावाची मुले खेळतात, ते वाचविण्यासाठी गाव उभे राहते.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारी जमिनीवरील प्रत्येक गोल्फ क्लबच्या पट्ट्याचे नूतनीकरण अटींवर व्हावे. आठवड्यातील काही वेळा माफक शुल्कात सर्वांस खुल्या असाव्यात. महापालिकेच्या शाळांतील मुलांना उसन्या काठ्या आणि शिक्षक मिळावेत. पाण्याचा वापर मीटरने मोजून दरवर्षी प्रसिद्ध व्हावा आणि हिरवळीस पिण्याचे पाणी सर्वथा वर्ज्य असावे. मुंबईत दररोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात मलशुद्धीकरण केंद्रे हाती घेण्यात आली आहेत. त्यांच्या शुद्ध केलेल्या पाण्यातील चिमूटभर वाटाही मैदानांना पुरेल. आणि शेवटची, पण आमच्या दृष्टीने पहिली अट : कॅडींना ठरलेली मजुरी, विम्याचे संरक्षण आणि मैदान रिकामे असेल तेव्हा खेळण्याचा हक्क मिळावा.

आम्ही वर्गणी भरतो, मैदान आम्ही राखले, झाडे आम्ही जगविली, असे क्लबांचे सभासद म्हणतील. त्यात तथ्य आहे. शहराच्या मध्यात एवढी झाडे उभी राहिली ती त्यांच्यामुळे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु राखणदार म्हणजे मालक नव्हे. सर्वस्वी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्यास पाण्याखेरीज दुसरी अट घालण्याचा आमचा आग्रह नाही. जनतेच्या जमिनीवर खेळणाऱ्यास मात्र जनतेशी हिशेब चुकता करावाच लागेल.

हा हिशेब कठोर नाही. आठवड्यातील काही तास, थोडी कमी हिरवळ आणि कुंपणाचे एक उघडे फाटक, एवढेच मागणे आहे. सरकारने पट्ट्यांचे कागद पुन्हा पुढे येतील तेव्हा डोळे मिटून सह्या करू नयेत, आणि क्लबांनी सरकारची वाट न पाहता फाटकाची कडी स्वतःच्या हाताने काढावी. पाचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या एका गावाला जे कळले, ते लोकशाही म्हणविणाऱ्या या देशाला न कळण्याचे काही कारण आम्हास दिसत नाही.