जयंतीचं सरबत आणि बाबासाहेबांचा मधुमेह



मागच्या रविवारी नायगावला आमच्या मंडळाची जयंतीची बैठक झाली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने काढायची, डीजे किती वाजता बंद करायचा, वर्गणी कोणाकडे थकली आहे, यावर दोन तास वाद. सरबताचा विषय मात्र दोन मिनिटांत आटोपला. "मागच्या वर्षीसारखंच. चार पिंपं." मी हिशेबाची वही मागून घेतली. मागच्या वर्षीच्या खर्चात लिहिलं होतं, साखर ५० किलो. शंभर लिटरची चार पिंपं म्हणजे साधारण दोन हजार ग्लास. एका ग्लासात २५ ग्रॅम साखर. पाच चमचे.

हे बोलून दाखवलं तर पोरं हसली. "मावशी, तुम्ही रिटायर झालात, आता तरी ड्युटी सोडा."

३१ वर्षं मी रुग्णालयात नर्स होते. ड्युटी अशी सुटत नाही. आणि ज्यांची जयंती, त्यांचंच उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर होतं.

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपल्याला माहीत असतं, पण आपण त्यावर बोलत नाही. १९४७-४८ साली राज्यघटनेचं काम चालू असताना मधुमेहाने आणि पायांतल्या वेदनांनी ते हैराण झाले होते. उपचार घ्यायला ते मुंबईत गिरगावात डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात येत. त्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. १५ एप्रिल १९४८ ला त्यांचं बाबासाहेबांशी लग्न झालं आणि त्या माईसाहेब झाल्या. पुढे पथ्यपाणी, औषधं, इन्सुलिनची इंजेक्शनं हे सगळं घरात त्याच बघत. माईसाहेबांनी आपल्या आत्मचरित्रात या आजारपणाबद्दल लिहिलं आहे, जमलं तर वाचा. १९५४ मध्ये तर बाबासाहेब कित्येक महिने अंथरुणाला खिळले होते. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा वय ६५. परळची बीआयटी चाळ, दादरचं राजगृह, चैत्यभूमी ही ठिकाणं आपण मुलांना दाखवतो. गिरगावच्या दवाखान्याची गोष्टही सांगायला हवी.

इथे एक गैरसमज आधी काढते. साखर खाल्ली म्हणून बाबासाहेबांना मधुमेह झाला, असं मी म्हणत नाही. कोणालाच तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. मधुमेहाला आनुवंशिकता असते, पोटाचा घेर असतो, जागरण, ताण, बैठं काम, सगळं असतं. पण जास्तीची साखर वजन वाढवते, आणि वाढलेलं वजन, त्यातही पोटावरचं, मधुमेहाला दार उघडून देतं. जो आजार त्यांना छळत होता, त्याचंच खाद्य आपण त्यांच्या नावाने दोन हजार ग्लासांत भरून वाटतो, एवढंच माझं म्हणणं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. १९८२ चा संप झाला तेव्हा घरात सगळ्यात स्वस्त जेवण म्हणजे चहा आणि पाव. दिवसाला पाच-सहा वेळा चहा, कारण चहाने भूक मरते. चहा गोड लागायचा तो साखरेने, दुधाने नाही. संप गेला, गिरणी गेली, सवय राहिली. पुढे शुगर निघाली. पायाला चप्पल लागून जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, कारण मधुमेहाने तळपायाची जाणीवच गेली होती. आधी बोटं काढावी लागली. मी नर्स असून हे माझ्या घरात झालं. मी दुसऱ्यांचे पाय धूत होते आणि वडिलांचे पाय बघितले नव्हते.

म्हणून बस्तीत कोणी "गरिबाला कसली आली शुगर, तो श्रीमंतांचा आजार" म्हटलं की माझा संयम सुटतो. पालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये मुंबईत पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या १८ प्रौढांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. देशभराचा आयसीएमआरचा आकडा २०२३ मध्ये आला. १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावरचे. आणि आपल्यासाठी तर एक गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात (आपल्या परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. आपली बाळं वजनाला इंग्रजांच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नाही, कमी झाले ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबी. आईच्या पोटात असताना ज्याला कमी मिळालं, त्याला पुढे भरपूर गोड मिळालं की त्याचं शरीर ते झेपवू शकत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी किती उपासमार काढली ते मी सांगायला नको. त्या भुकेचा हिशेब नातवंडांच्या रक्तात निघतो आहे.

याची दुसरी बाजू परदेशातली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती, ती १९५३ मध्ये खुली झाली. रेशनच्या काळात पोटात असलेली आणि जन्मलेली मुलं आणि त्यानंतरची मुलं यांची तुलना २०२४ मध्ये छापून आली. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली, त्यांना मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी. डोहाळजेवणाला ताट भरून गोड करणाऱ्या सासवांनी आणि बाटलीत साखरपाणी घालणाऱ्या आज्यांनी हे ऐकावं.

आता वजनाचं. आमच्या महिला मंडळातल्या चौघीजणी पहाटे शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. भात सोडला, बटाटा सोडला, वजन काटाभर हलत नाही. मी विचारलं, चहा किती? पाच. प्रत्येकात साखर दोन चमचे. दहा चमचे म्हणजे ४०-५० ग्रॅम, म्हणजे १६० ते २०० उष्मांक. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत जेमतेम १००-१५० जळतात. फेऱ्या मारून आल्यावर गेटबाहेर चहा आणि दोन बिस्किटं झाली की हिशेब पुन्हा शून्यावर. महिन्याला ही साखर सहा हजार उष्मांकांपर्यंत जाते, आणि किलोभर चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. शरीर काही वाण्याची वही नाही, इतकं काटेकोर चालत नाही, पण दिशा हीच. आणि प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही. भाकरी खाल्ली तर जेवण थांबतं, सरबत प्यायलं तर त्यावर पुन्हा जेवतो.

साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो बहुतेक सगळा यकृतातच जिरवावा लागतो. जास्त झाला की यकृत त्याची चरबी करतं. दारूचा थेंब न घेतलेल्या बाईला "फॅटी लिव्हर"चा रिपोर्ट येतो आणि ती लाजून कोणाला सांगत नाही. लाजायचं काही कारण नाही. मुलांचे किडके दात हेही त्याच साखरेचं काम.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ वर आणली तर अधिक बरं. यात गूळ आणि मधही आला. "मी साखर सोडली, गुळाचा चहा पिते" म्हणणाऱ्या बायकांचं मला हसू येतं. गूळ चवीला छान, लोह थोडं असेल, पण त्यातली बहुतेक साखरच. गोड गोळ्यांवरही वजन सोपवू नका, २०२३ मध्ये याच संघटनेने वजन कमी करायला त्या वापरू नका असं सांगितलं. मुलांना दुधात घालायच्या डब्यातल्या पावडरींना "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारला २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगावं लागलं. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. शिक्षण कशासाठी मग?

पण साखर आपल्याकडे नुसती चव नाही, हे मला कळतं. ज्यांच्या बापजाद्यांना हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळायचा, त्यांच्या घरी पाहुणा आला की घसघशीत गोड चहा देणं हा मान आहे. फिका चहा दिला तर लोक म्हणतात, हात आखडला. वैशाख पौर्णिमेला सुजाताची आठवण म्हणून खीर वाटतो, ती मी बंद करा म्हणणार नाही. वर्षातून एकदा वाटीभर खीर खाऊन कोणाला काही झालेलं नाही. रोजच्या पाच कपांनी होतं.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. द्रोणभर भात खाऊन, धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, मोजून खा म्हणाले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायचे शंभर कहापण लावून दिले. हळूहळू तो नाळीभर भातावर आला आणि सडपातळ झाला. मला यातलं "हळूहळू" आवडतं. दोन चमच्यांचा दीड करा, पंधरा दिवस थांबा, मग एक. जीभ सवय सोडते. एकदम सोडणारे आठवड्यात परत येतात.

एक मात्र लक्षात ठेवा. ज्यांची इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने जेवण कमी करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी. तिथे साखर औषध आहे. विनयातही मध आणि काकवी आजारी भिक्खूंच्या औषधांतच धरली आहे.

शिंप्याची टेप घ्या. पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचा ८० च्या वर गेला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात उपाशीपोटी रक्त तपासा. १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, इथून परत फिरता येतं. १२६ किंवा जास्त दोनदा आलं तर उपचार. आणि रोज रात्री तळपाय बघा, दिसत नसतील तर नातवाला बघायला सांगा.

बैठकीत शेवटी मी एवढंच मागितलं : तीन पिंपं ताक, मीठ-जिरं घालून, आणि एक पिंप लिंबूसरबत, निम्म्या साखरेचं. बिस्किटांऐवजी चणे आणि केळी. मंडपाच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर शुगर तपासायचं मशीन. पट्ट्यांचा खर्च महिला मंडळ करेल. खजिनदार म्हणाले, ताक उन्हात नासतं. बरोबर आहे, बर्फाचा खर्च वाढेल. डीजेचा अर्धा तास कमी केला तर तो निघतो, असं मी म्हटल्यावर पुन्हा गलका झाला आणि निर्णय पुढे ढकलला.

बैठक येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता विहारात आहे. आसपासच्यांनी यावं. चहा मिळेल, साखर वेगळ्या वाटीत ठेवलेली असेल.