'मी' कुणाच्या हातची?



"ही बाई सारखी जबानी बदलते." केंद्रात आलेल्या बाईबद्दल हे वाक्य आपण चौकीत ऐकतो, कोर्टात ऐकतो, तिच्या सासरच्यांकडून तर ऐकतोच. कधीकधी आपल्याच बैठकीत कुणीतरी दबक्या आवाजात ते म्हणतं. या वेळच्या संपादकीयात कादंबऱ्यांबद्दल लिहिते आहे ती याच वाक्यापायी.

गोष्ट सांगणाऱ्यावर भरवसा ठेवावा का, हा साहित्यातला जुना प्रश्न. १९६१ साली वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने त्याला नाव दिलं : अविश्वसनीय निवेदक. असा निवेदक काही लपवतो, काही त्याला स्वतःलाच उमगलेलं नसतं, काही तो स्वतःला बरं वाटावं म्हणून रंगवून सांगतो. त्याला खोटारडा म्हणून वाचक पुस्तक मिटत नाही, उलट अधिक कान देऊन वाचतो. हा मान कादंबरीतल्या माणसाला मिळतो. आपल्या बाईला मिळत नाही.

मराठीत 'मी' म्हणून बोलणारी गाजलेली पहिली नायिका म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात ती आपली कहाणी सांगू लागली : माहेर, लग्न, वैधव्य, केशवपन. पुढे किती पिढ्यांच्या बाया तिच्यासाठी रडल्या. पण यमूची 'मी' लिहिणारे होते हरि नारायण आपटे, तेव्हा सव्वीस वर्षांचे. आपट्यांची कळकळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. तरी यमू वाचताना विचारावंसं वाटतंच, की तिला काय आठवायचं आणि काय विसरायचं, हे ठरवलं कुणी? खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (१९५९) तर ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही 'मी' म्हणून बोलतात. लेखणी अर्थात एकच. ययाति आपली वासना सविस्तर सांगतो आणि त्याची कीव येते; देवयानी आपला संताप सांगते आणि ती गर्विष्ठ ठरते. वर्गात, वाचनमंडळात हे पुष्कळदा ऐकलंय. तीन आवाज ऐकूनही आपण वाचक पारडं कुणाकडे झुकवतो, ते बघण्यासारखं आहे.

याच्या उलट गोष्ट १९३३ सालची. 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातलं कुणीतरी उघड बोललं. एकच गदारोळ झाला. लिहिलंय काय, यापेक्षा ही विभावरी शिरूरकर आहे कोण, याचाच शोध जोरात. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. नाव खोटं घेतलं तेव्हाच खरं बोलता आलं!

आता चौकीतला जबाब आठवा. तोही 'मी'नेच सुरू होतो. मी अमुक, वय अमुक, धंदा घरकाम, समक्ष हजर राहून जबाब देते की... आणि शेवटी, वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कामणच्या पाड्यावरची बाई असं बोलते का? ती आपल्या बोलीत बोलते, मध्येच मुलाच्या तापाचं सांगते, मग मागे जाते. कागदावर उतरते ती सरकारी मराठी. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत महिला अधिकाऱ्यानेच जबाब नोंदवावा, अशी तरतूद २०१३ साली झाली. हात बदलला, कागदाची भाषा तीच राहिली.

पाड्यावरच्या अशाच एका बाईने दवाखान्यात सांगितलं, पाय घसरला. नवरा शेजारी उभा होता. आठ दिवसांनी माहेरी बसून सांगितलं, ढकललं. महिन्याने म्हणाली, तसा तो वाईट नाही. तीन जबान्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. पण प्रत्येक वेळी ती कुणासमोर बोलत होती आणि रात्री तिला कुठल्या घरी जायचं होतं, हे शेजारी मांडलं की तिन्ही समजतात.

हे न मांडल्याने काय होतं, ते मथुरा प्रकरणाने दाखवलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासारख्या प्रकरणांत, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली संमती नव्हती, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरावं, असं त्यात आलं. म्हणजे निदान तेवढ्यापुरती तरी तिच्या 'मी'ला किंमत आली.

आपली केस-पेपरंही आपणच 'मी' करून लिहितो. कामण केंद्रात या तिमाहीपासून प्रत्येक पेपरवर तीन ओळी वाढवल्या आहेत : बोलताना जवळ कोण होतं, बाई कोणत्या बोलीत बोलली, लिहिलं कुणी. शिवाय तिचं एक तरी वाक्य तिच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता. वेळ जास्त लागतो, आणि कोर्टात वकील या ओळींचा उलटा वापर करतील अशी भीती दोघीतिघींनी बोलून दाखवली आहे. इतर गटांनी हे करून पाहिलं असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.