मुख्य अर्जदार कोण?



परदेशी कायमचं राहायला जाणं हा सुखवस्तू घरांचा प्रश्न, त्याचं स्त्री-चळवळीला काय, असं काहीजणी म्हणतील. पण आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांच्या पिशवीत पोटगीच्या कागदांबरोबर आता कॅनडाचे अर्जही असतात. कोणी परिचारिका, कोणी संगणक क्षेत्रातली, कोणी शिक्षिका. ते अर्ज वाचताना मला आपलेच जुने प्रश्न दिसतात : घर कोणाच्या नावावर आणि बाईच्या कामाला काम कोण म्हणतं?

कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत आणली. वंश किंवा जन्मदेश न बघता शिक्षण, भाषा, वय, कामाचा अनुभव यांना गुण द्यायचे. २०१५ पासून कुशल कामगारांची निवड 'एक्स्प्रेस एंट्री'तून होते. कागदावर ही पद्धत स्त्री-पुरुष भेद करत नाही. तरीही बाई मागे पडते. कशी, ते पाहू.

जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे १०० गुण मिळतात. छत्तिसाव्या वर्षी ते ६५ होतात, चाळिसाव्या वर्षी ४५ आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. ही उतरण पुरुषालाही आहे. पण आपल्याकडे नेमक्या याच वर्षांत बाळंतपणं, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं बाईच्या वाट्याला येतात. ती नोकरी सोडते. तिचे वयाचे गुण घटत जातात आणि अनुभवाचे वाढत नाहीत. नवऱ्याचे वयाचे घटले तरी अनुभवाचे जमा होत राहतात, कारण घर ती सांभाळत असते.

अनुभव म्हणजे पगाराचं काम. या योजनेत गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्ष सलग कुशल काम केल्याचा पुरावा लागतो. विनावेतन काम धरत नाहीत. नवऱ्याच्या दवाखान्यात किंवा दुकानात दहा वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईचं नाव पगारपत्रकावर नसेल, तर ती दहा वर्षं नाहीतच. आणि घरोघरी म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा करणारी बाई? पगार घेत असली तरी तिचं काम या योजनेच्या 'कुशल' वर्गात बसत नाही. अशा बायकांसाठी १९९२ ते २०१४ या काळात वेगळी योजना होती. तिच्यात मालकाच्याच घरी राहून दोन वर्षं काम केल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येई. दुसऱ्याचं अंग पुसणं, रात्र जागणं याला कौशल्य लागत नाही, हे ज्याने कधी केलं नाही त्यानेच ठरवलेलं असणार.

आता मुख्य मुद्दा. पती-पत्नीपैकी कोणीही मुख्य अर्जदार होऊ शकतं. दुसऱ्याच्या शिक्षणाचे, भाषेचे आणि कॅनडातल्या अनुभवाचे मिळून जास्तीत जास्त ४० गुण मिळतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी बेरीज करून पाहावी आणि जिचे किंवा ज्याचे गुण जास्त, त्याच्या नावाने अर्ज करावा. साधा हिशेब. पण कितीतरी घरांत तो मांडलाच जात नाही. नवऱ्याचं नाव वर, बायको खाली, हे गृहीतच असतं. आपल्या देशात २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं. घरातल्या डोक्यात ते अजून उतरायचं आहे.

नाव कुठेही असलं तर काय बिघडलं? कायम वास्तव्य मिळाल्यावर फारसं बिघडत नाही. तेव्हा ते दोघांना स्वतंत्रपणे मिळतं आणि पुढे लग्न मोडलं तरी एवढ्याच कारणाने ते जात नाही. हे प्रत्येकीला माहीत हवं, कारण 'तुला परत पाठवीन' ही धमकी फार जणी खऱ्या मानतात. बिघडतं ते आधी. अर्ज चालू असताना संबंध तुटले, तर सोबत जाणारीचं नाव मुख्य अर्जदार काढून टाकू शकतो. खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, पत्रं त्यालाच.

म्हणून गटांत या गोष्टी बोलाव्यात. नोकरी सोडताना हुद्दा, कामाचं स्वरूप, तास आणि पगार लिहिलेलं पत्र मागून घ्या. आठवड्याला पंधरा तासांचं पगारी काम दोन वर्षं केलं तरी ते एका वर्षाच्या पूर्ण वेळेइतकं धरतात, तेव्हा अर्धवेळ नोकरीला कमी लेखू नका. घरच्या धंद्यात राबत असाल तर पगार बँकेत जमा करून घ्या. पदवी आणि पासपोर्टवरची नावं वेगळी असतील तर जोडणारा पुरावा आधीच तयार ठेवा. घटस्फोटितेला मूल सोबत न्यायचं तर ताब्याचा आदेश किंवा दुसऱ्या पालकाची संमती लागते. आणि सगळ्या कागदांच्या प्रती स्वतःजवळ असू द्या. नियम बदलतात, त्यामुळे एजंटावर न विसंबता कॅनडा सरकारची अधिकृत माहिती स्वतः वाचा.

जावं की राहावं, हे जिचं तिने ठरवावं. मात्र जी जाईल ती कोणाच्या सामानाबरोबर नव्हे, आपल्या हिशेबाने जावी. तुमच्या गटातले अनुभव जरूर लिहून कळवा.