आधी खोली ऐका

मंडळी, नातवाने लोणावळ्याच्या घरी, दहा बाय दहाच्या खोलीत, आमच्या हिच्या अभंगांची जुनी कॅसेट संगणकावर घेतली आणि पखवाजाचा खर्ज वाढवला. तिथे झकास वाटले. पुण्याला लेकीकडे लावले, तर घुमाऱ्यात हिचा आवाजच बुडालेला! ही जाऊन बरीच वर्षे झाली, आवाज तेवढा उरलाय. जिवाला लागले.

नातू म्हणाला, "आजोबा, महागडे स्पीकर घेऊ." माझे मत वेगळे. दोष खोलीचा. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत 56 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमतो. भिंतीपाशी तो दणदणतो, बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पठ्ठ्या मध्यावरच बसला होता! ऐकू येईना म्हणून वाढवत गेला.

कार्ल्याच्या चैत्यगृहात एक शब्द उच्चारला तरी रेंगाळतो. तो दगड आपण बदलू शकत नाही. घरची खोली मात्र थोडीफार सुधारता येते. खुर्ची मध्यावरून हलवा. कोपऱ्यांत गाद्यांच्या जाड वळकट्या उभ्या करा, घुमारा थोडा आवरतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून खर्ज आटोक्यात येत नाही. आणि शेवटी दुसऱ्या घरी, गाडीतही ऐकून पाहा.

आम्ही खुर्ची हलवून पुन्हा काम केले. परवा लेकीचा फोन आला, "बाबा, आई स्पष्ट ऐकू येतेय." स्पीकर जुनेच आहेत.

असो. तुमचा अनुभव काय?